तापणारा डबा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कोपर गावातल्या घरात कॉम्प्युटर आला. खोपट भागातल्या एका ओळखीच्या माणसाने तो जोडून दिलेला. सुरुवातीला गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुसाट चालायचा. मग गाडी मध्येच रखडायला लागली आणि थोड्या वेळाने सगळंच बंद पडायला लागलं. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर चटका बसायचा.

मला पहिला संशय आला तो त्या माणसाचा. जुना प्रोसेसर नवा म्हणून गळ्यात मारला असणार! दुसरा संशय बहिणीचा, कारण मी कॉलेजात गेलो की तीच त्यावर बसायची. तिला माझा संशय. आम्ही एकमेकांवर पाळत ठेवायला लागलो.

शेवटी त्या माणसाला घरी बोलावलं. तो जुना प्रोसेसर गुपचूप बदलून टाकेल म्हणून मी त्याच्या हातांवरून नजर हटवली नाही. त्याने डबा उघडला आणि माझ्याकडेच रोखून पाहिलं.

"आतल्या पंख्याची वायर कोणी काढली? ही आपोआप निघत नाही."

मी बहिणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तेवढ्यात पलंगावरून बाबा म्हणाले, "मी काढली. दुपारी त्या घरघरीने डोळा लागत नाही. एवढासा पंखा, त्याने काय बिघडतंय?"

वायर पुन्हा लागली, गाडी पळायला लागली. पण गेम सुरू करण्याआधी मी डब्याला कान लावायचो, आणि बाबा पेपराआडून माझ्याकडे बघत राहायचे.