भाचीच्या परीक्षेतला पेशंट

संभाजीनगरच्या विमानतळाबाहेर अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, माझ्या बॅगेत ठेच्याची बरणी कोंबली. "पोरीजवळ बस जरा. लई खचलीया ती." एवढंच सांगायला ती वैजापूरहून पहाटेच्या एसटीनं आली होती.

तिची वर्षा जर्मनीत होती. इथल्या मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग सांभाळलेली नर्स, पण तिथं नुसती मदतनीस. आनेरकेनुंग (पदवीला सरकारी मान्यता) मिळेपर्यंत इंजेक्शनला हात लावायचा नाही. मान्यतेच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती आणि आता शेवटची संधी उरली होती. धीर द्यायला मी निघालो. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नसतं, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

फ्रँकफर्टहून पुढं रेल्वे. गाडी थांबली, दार उघडेल म्हणून मी बॅग छातीशी धरून उभा, आणि दार ढिम्म. शेवटी मागच्या आजीबाईंनी "बिटे" (या, घ्या, माफ करा, सगळं या एका शब्दात) म्हणत बटण दाबलं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, हे त्यांना सांगितलं नाही.

गाव नदीकाठी होतं. खुलताबादच्या घाटासारखी चढण, फक्त उतारावर द्राक्षांच्या बागा. न्याहारीला ब्र्योटशेन (छोटा, कडक कवचाचा पाव). ठेचा लावल्यावर तोही मऊ पडतो.

"नापास कशात झालीस गं?" मी विचारलं.

"अंग पुसण्यात."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"हसू नका मामा. आपल्याकडं पेशंटला पुसणं, भरवणं घरची माणसं करतात. इथं ते नर्सचं पहिलं काम. मी केलं, पण न विचारता. 'बाबा, हात वर' म्हणायची सवय. परीक्षक बाई म्हणाल्या, तो माणूस आहे, पोतं नाही." मग तिनं कोमट पाण्याचं घमेलं आणलं. "झोपा आता. सराव करायचाय."

तोंड झालं, हात झाले. ती पायाशी आली आणि मी गुडघे पोटाशी ओढले. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीनं मामाच्या पायाला हात लावला, तर पाप मामाच्या माथी.

"पाय नाय."

"पेशंट असं करत नसतो, मामा."

"मग दुसरा पेशंट बघ."

ती चिडून खिडकीशी गेली. थोड्या वेळानं परत आली, खुर्ची ओढून माझ्या डोळ्यांसमोर बसली. "पाय आत्ता पुसू, का नंतर? का तुम्ही पुसता आणि मी टॉवेल धरू?" मी गोंधळलो. आमच्या घरात मला विचारायची पद्धत नाही. त्या दिवशी मीच पुसले. पुढं रोज तिनं विचारायचं, मी नाही म्हणायचं, तिनं दुसऱ्या तऱ्हेनं विचारायचं. माझा हट्टीपणा कुणाच्या कामी येईल, असं बायकोला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. शेवटी एका संध्याकाळी मी पाय पुढं केले. पुसून झाल्यावर उठून तिच्या पाया पडलो आणि हिशेब मिटवला.

परीक्षेदिवशी मी दवाखान्याच्या बागेत बाकावर बसून राहिलो. वर्षा बाहेर आली, पण चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"परीक्षेतल्या पेशंट आजोबांनी पाय आखडून घेतले. अगदी तुमच्यासारखे."

"मग?"

"मग काय, विचारलं." आणि ती एकदम रडायलाच लागली. "पास झाले, मामा!"

बागेतल्या लोकांनी वळून पाहिलं. खुशाल पाहा म्हटलं, आमची पोर आहे.

परतल्यावर विमानतळावर अक्का उभीच होती. मी म्हणालो, "वर्षाची पदवी मानली त्यांनी."

"म्हंजी त्यास्नी आत्ता कळलं व्हय, ती नर्स हाय ते?"

मान्यता म्हणजे काय, यावर मी विमानात एक व्याख्यान तयार केलं होतं. ते गिळलं. अक्काचं खरंच होतं, वर्षा इथूनच पक्की नर्स होऊन गेली होती. पण विचारायला ती तिकडं शिकली, हेही खरं होतं. दोन्ही देशांनी मिळून घडवलेली पोर आपल्या घरातली आहे, या विचारानं माझी छाती इतकी फुगली, की रिक्षावाल्यानं मागितलं तेवढं भाडं मी घासाघीस न करता देऊन टाकलं.