कळव्याच्या बांधाचा तपास

सन १८७९. माझे वय चौतीस. ठाण्यात जमादार होतो. गुन्हे पुष्कळ तपासले, पण कळव्याचा तो बांध अजून मनातून जात नाही.

बांधाच्या अलीकडे आगरी म्हाताऱ्याचे भातशेत, पलीकडे किरिस्ताव म्हाताऱ्याचे. खाडीचे पाणी अडवणारा बांध दोघांचा, राखतही दोघे मिळून. त्यासाठी माती कुणाच्या शेतातून काढायची यावरून बिनसले आणि दोघे कोर्टात गेले. तारखांवर तारखा पडल्या. श्रावणात बांध दोन जागी खचला. आगऱ्याने फिर्याद दिली, "त्यानंच फोरला." पौर्णिमेचे उधाण चार दिवसांवर. खारे पाणी शिरले की दोन्ही शेते काही वर्षे गेलीच.

मी बांधावर चार शिपाई बसवले आणि किरिस्तावाला कोठडीत घातले. दोन दिवस दरडावले. तो एकच बोले, "फोरला असता तं सांगितला असता. तुमाला भितो का मी?" मी हट्टी, तो माझ्याहून.

तिसऱ्या दिवशी खाडीचा होडीवाला म्हणाला, "जमादार, चोर पायजे ना? ओहोटीला या नि गप बसा."

गेलो. पाणी उतरले आणि खचल्या जागेतून खेकडे निघाले. बिळात हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. खेकड्याकडून बोट फोडून घेतले तेव्हा माझे डोळे उघडले: बांध त्यांनीच पोखरला होता.

किरिस्तावाला सोडून बांधावर आणले, आगऱ्याला बोलावले. विचारले, "आजवर बिळं बुजवायचं कोण?"

"दोगं मिलून," आगरी म्हणाला. "पन वकील बोलला, निकाल लागंपर्यंत बांधाला हात लावू नको."

"माजा वकीलपन तेच बोलला," किरिस्ताव म्हणाला.

"खेकरे तुज्या बाजूचे!"

"मंग घरी ने नि रस्सा कर!"

दोघेही हसले. तिथेच ठरले: माती एक वर्ष याची, एक वर्ष त्याची. दावा मागे, फिर्याद मागे. किरिस्तावाला फुकट डांबले ही चूक माझी, ती मी त्याच्या तोंडावर कबूल केली. दुसऱ्या कुणापुढे केली नसती.

शिपायांचा पहारा, साक्षीदारांचे हेलपाटे, कारकुनांची दप्तरे. हा सगळा खर्च रयतेच्याच खिशातून, आणि तो चालला होता खेकड्यांपायी. बांधावर बसून मिटते ते कोर्टात नेऊ नये, हे मला कुठल्या शाळेने शिकवले नाही. आता दोन्ही म्हातारे गेले. त्यांचे ते भांडण पुन्हा एकदा ऐकावे म्हणून जीव तुटतो.

समेटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पगडी उतरवली आणि उधाणाआधी बिळे बुजवायला शिपायांसकट चिखलात उतरलो. किरिस्तावाने मातीची पहिली पाटी माझ्याच डोक्यावर ठेवली. मी ती मुकाट्याने वाहिली.