व्याह्यांच्या बापाचा शोध

श्रावण निमगडे आपलं नाव अर्धंच सांगायचे. श्रावण सीताराम. पुढे कुणी विचारलंच तर 'सावली तालुक्याकडचा' म्हणायचे आणि विषय धानावर न्यायचे. भद्रावतीच्या कारखान्यातली सगळी नोकरी त्यांनी अशी अर्ध्या नावावर काढली. हजेरीपटावर आडनाव होतंच, सगळ्यांना ठाऊकही होतं. पण आपल्या तोंडून ते ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा मिटतो, ते त्यांना पुन्हा पुन्हा पाहायचं नव्हतं.

निवृत्तीनंतर कारखान्याची कॉलनी सुटली आणि ते गावातल्या दोन खोल्यांच्या घरात आले. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजायची. अंगणातले कपडे काढताना वच्छलाबाई आधी ते झटकायच्या. कोळशाची भुकटी उडायची.

मुलगी रिना नर्स होती. नोकरीसाठी स्कॉटलंडला गेली आणि तिथल्याच एंगस रीड नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं. श्रावणभाऊंनी विरोध केला नाही. करता आला नसता. विहारात जात मोडणाऱ्या लग्नांवर त्यांनी स्वतः भाषणं दिली होती. जावई फोनवर यायचा, हसायचा, 'जय भीम' म्हणायला शिकला होता. त्याची आई वारली होती. बाप होता, पण तो कधी फोनवर येत नसे. नेहमी बागेत असायचा, नाही तर झोपलेला, नाही तर नुकताच बाहेर गेलेला.

वच्छलाबाई म्हणायच्या, "व्याही हाये का भूत हाये? काही तरी लपवून राह्यला असन."

बायकोनं गमतीत म्हटलेलं श्रावणभाऊंच्या मनात रुतलं. रिनानं लग्नाच्या दाखल्याचा फोटो पाठवला होता. त्यावर सासऱ्यांचं पूर्ण नाव होतं, विल्यम गॉर्डन रीड. त्यांना वाटलं, हे तर सोपं आहे. माणूस विल्यम, बाप गॉर्डन, आडनाव रीड. शाळेच्या दाखल्यापासून पासबुकापर्यंत नावं अशीच तर लिहिलेली असतात.

स्कॉटलंडच्या जुन्या जनगणना संगणकावर पाहता येतात. मात्र शंभर वर्षं उलटलेल्याच, त्यानंतरच्या बंद. श्रावणभाऊ रोज दुपारी गॉर्डन रीड शोधू लागले. एक मासेमार निघाला, तो फार म्हातारा. एक सुतार, पण दूरच्या बेटावरचा. मग १९२१च्या जनगणनेत एक सापडला. स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहराकडचा. व्याह्यांचं घराणं त्याच बाजूचं, असं रिना एकदा म्हणाली होती. वय एकोणीस. राहण्याचं ठिकाण, तुरुंग.

गुन्हा लिहिलेला नव्हता. तो श्रावणभाऊंनी मनानंच भरला. आधी चोरी, मग मारामारी, संध्याकाळपर्यंत खून. आणि त्या संध्याकाळी ते आनंदात होते. वच्छलाबाईंना त्यांनी स्वतः चहा करून दिला. तो आनंद पुढे त्यांना काट्यासारखा सलत राहिला.

फोनवर त्यांनी रिनाला सांगितलं, तुझ्या आजेसासऱ्याचा पत्ता लागला, जेलातला आहे.

"बाबा, तुमी हे काऊन शोधून राह्यले होते?"

ते म्हणाले, पोरगी दिली त्या घराची चौकशी बाप करणार नाही तर कोण करणार.

रिना म्हणाली, "तुमाले पूरं नाव विचारणारे बी घरी जाऊन असंच सांगत असतीन." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन फक्त आईच्या मोबाईलवर यायचा.

थंडीत ती आली. सोबत नवरा आणि, कुणालाच वाटलं नव्हतं, पण सासराही. एसटी स्टँडवरून घरापर्यंत सगळी गल्ली मागे मागे आली. विल्यम रीड उंच, थोडे वाकलेले, मोठ्या खडबडीत हातांचे. खुर्चीच्या कडेला बसायचे, कधीही उठावं लागेल असे. वच्छलाबाईंनी कोथिंबीर भरलेली सांभारवडी केली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी एंगस वच्छलाबाईंबरोबर बाजारात गेला, तेव्हा विल्यम बोलू लागले. त्यांचं इंग्रजी श्रावणभाऊंना निम्मंच कळत होतं. उरलेलं रिना मराठीत सांगत होती, बापाकडे न पाहता.

फोन टाळत होतो, ते म्हणाले. सूनबाईचे वडील शिकलेले, कारखान्यातले. तुमचे लोक कोण, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, याची भीती होती. आमचे लोक पालं टाकून राहायचे. डबे, बादल्या सांधायचे, हंगामात बोरांसारखी लाल फळं तोडायला जायचे. गावात उतरू देत नसत. माझा बाप जॉन, तो रस्त्याकडेच्या तंबूत जन्मला. पुढे त्यानं शहरात घर केलं आणि तंबूचं नाव काढलं नाही. मीही लोकांना कधी सांगितलं नाही. तो गेल्यावर मी त्याला जनगणनेत शोधलं. मला तो सापडत नाही.

श्रावणभाऊंनी विचारलं, "मंग गॉर्डन कोण?"

रिनानं विचारून सांगितलं, ते सासऱ्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. तिकडे आईकडचं नाव मुलाच्या नावात मधे घालतात.

खाणीत सुरुंग उडाला. विल्यम दचकले, मग ओशाळून हसले. श्रावणभाऊ आपल्या हातांकडे पाहत होते. तुरुंगातला तो पोरगा यांचा कुणीच नव्हता. कुणाचं तरी एकोणीस वर्षांचं पोरगं आपण उचलून आणलं होतं आणि या माणसाच्या दारात उभं केलं होतं. आणि गॉर्डन खरंच यांचा बाप असता तर? तरी हा माणूस असाच खुर्चीच्या कडेला बसला असता.

ते मराठीतच म्हणाले, "रिना, त्यायले सांग. मी त्यायचं खानदान काढत होतो. काही खराब निघावं म्हणूनच पाहत होतो. निघालं तवा मले बरं वाटलं. सांग."

रिनानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सासऱ्यांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली की, बाबांना जुन्या जनगणना पाहायची सवय आहे. तुमच्या वडिलांना ते शोधून देऊ म्हणतात.

एवढं इंग्रजी श्रावणभाऊंना कळत होतं.

विल्यम उठले. त्यांनी श्रावणभाऊंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. श्रावणभाऊंनी तोंड उघडलं. रिनानं मान हलवली, नाही. कुणाला वाचवत होती, सासऱ्यांना की बापाला, ते त्यांना त्या मानेवरून कळेना.

मग त्यांनी संगणक सुरू केला. जॉन रीड असं टाकल्यावर जॉन रीडच जॉन रीड आले. विल्यम खुर्ची सरकवून खेटून बसले, या खेपेला पूर्ण टेकून, आणि प्रत्येक नावावर मान हलवू लागले. हा नाही, वय जमत नाही. हा नाही, याला पक्कं घर आहे. श्रावणभाऊ पान उलटत राहिले. सापडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि इतक्यात सापडू नये, असंही. कारण तो सापडला की पडद्यावरून नजर काढून शेजारी पाहावं लागणार होतं.