ओढणीत एकटं आयोडीन

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत संघप्रियाला पाठीमागे 'अ‍ॅटमबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, कारण टाकीचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे विचारायला तिच्याच दारात जावं लागतं.

खाडीपलीकडच्या प्रयोगशाळेत ती फुटलेल्या अणूंची वाटणी मोजते. युरेनियमचा अणू फुटला की दोन तुकडे होतात, आणि दर वेळी तेच होतात असं नाही. कधी बेरियम, कधी आयोडीन, कधी तिसरंच काही. अणुभट्टीतून आलेला युरेनियमचा पत्रा आम्लात विरघळवायचा, त्यातून एकेक मूलद्रव्य वेगळं काढायचं, मोजयंत्राखाली ठेवायचं आणि कोण किती निपजलं ते सांगायचं. हात असा सावध, की घरी दूध ओततानाही बाई थेंब सांडू देत नाही.

अशा बाईवर त्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दारातली, अंगावरचा किरणोत्सर्ग हुडकणारी चौकट ठणाणा ओरडली.

संघप्रियानं हात धुतले. चपला काढल्या. चौकट ओरडतच होती. शेवटी ओढणी बाजूला ठेवली, तेव्हा कुठे गप्प बसली.

"ओढणी? ती तर कपाटात होती ना गं दिवसभर?" जयमालामॅडमनी विचारलं. प्रयोगशाळेतली सुरक्षा त्यांच्याकडे.

"हो मॅडम."

म्हणजे डाग आजचा नव्हे. कालचा असेल, परवाचा असेल, चौकटीच्या नजरेतून निसटला असेल. तो अंगावर घेऊन ती घरी गेली असेल, आणि लेक दीक्षा तर आई आल्या आल्या याच ओढणीत तोंड खुपसते. चार वर्षांची पोर.

ओढणी मोजयंत्राखाली गेली. पडद्यावर एक टोक वर आलं. आयोडीन. आयोडीन नेमकं गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं, आणि लहान मुलांच्या गळ्यात तर जास्तच.

मग ती पुढे वाकली. "मॅडम, बाकीची कुठंयत?"

"कोण बाकीची?"

"बेरियम, लँथेनम, टेल्युरियम! आपला युरेनियम फुटला की सगळं खटलं येतं. हे एकटंच आलंय."

जयमालामॅडमनी चष्मा सारखा केला. "असं एकटं किरणोत्सर्गी आयोडीन दवाखान्यात थायरॉईडवर देतात, संघप्रिया. घरात कोणाचा थायरॉईड?"

सासूचा. बायजाबाईंचा. गेल्या शुक्रवारी नवऱ्यानं, अंकुशनं, आईला खारघरच्या दवाखान्यात नेऊन 'थायरॉईडची गोळी' देऊन आणली होती. थायरॉईडची साधी गोळी तर घरोघरी असते. दिवसभर आयोडीन मोजणाऱ्या बाईनं कोणती गोळी, हे विचारलंच नव्हतं! आणि त्याच दिवशी सकाळी बायजाबाईंनी, हाताशी आली म्हणून, त्याच ओढणीला तोंड पुसलं होतं.

घरी आली तर दीक्षा आजीच्या मांडीवर, आजीच्याच ताटात जेवत होती. संघप्रियानं पोरीला ओढून उचललं. पोर भोकाड पसरून रडायला लागली.

"आत्या, डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"काय नाय बा."

"आत्या!"

अंकुश दारातच उभा. त्या शुक्रवारी डॉक्टर आत बोलत होते तेव्हा हा पठ्ठ्या गाडी लावायला जागा शोधत होता. न्हावा शेवा बंदरात लोकांचे कंटेनर सोडवतो, स्वतःची गाडी त्याला कुठे लावता येत नाही.

बायजाबाईंनी ताट सरकवलं. "येगळं ताट म्हनला. येगळा गिलास, येगळं हातरून. लेकराला जवळ घेऊ नका म्हनला. आमच्या गावात हाटेलाच्या वळचनीला आमचा येगळा कप खोचलेला असायचा, माय. आपला आपन धुवून परत खोचायचा. आता लेकाच्या घरात पुन्यांदा तसंच जेवू?"

संघप्रियाच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे त्या कपाची गोष्ट सांगत सांगत पोरं शिकवलेली.

"हे तसलं वेगळं नाही, आत्या. आणि थोड्याच दिवसांचं आहे. पण पोरीच्या गळ्यात गेलं असलं तर?"

म्हातारीचा हात तोंडावर गेला. "मला कुनी असं सांगितलंच नाय," ती पुटपुटली, आणि सरकत सरकत पार भिंतीला जाऊन टेकली.

सकाळी खारघरच्या दवाखान्यात दीक्षाच्या गळ्यासमोर मोजयंत्राचं नळकांडं धरलं. पोर हसत होती. संघप्रिया पडद्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

"आहे," डॉक्टर म्हणाले, "पण अगदी थोडं. औषधाची गरज नाही. आजीपासून लांब ठेवा, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा."

थोडं म्हणजे किती, हे तिच्याइतकं नेमकं त्या इमारतीत कोणी विचारू शकलं नसतं. तिनं विचारलं नाही. पोरीचा गळा तळहातानं झाकून ती जिना उतरली. खाली गाडीत, हट्टानं सोबत आलेल्या बायजाबाई मागच्या सीटच्या पार कोपऱ्यात, खिडकीला चिकटून बसल्या होत्या. दीक्षानं "आज्जी!" म्हणून हात पसरले, तसे म्हातारीनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.