दिगंबरचा चीट कोड

रविवारी सकाळी नांदेडच्या घरी पोहे खात निवांत बसलो होतो... आणि आमच्या बारावीच्या ग्रुपवरचा एक मेसेज वाचून डोकंच फिरलं.

कुणीतरी आमच्या त्या जुन्या कॉम्प्युटर गेमच्या सगळ्या भागांना नंबर दिले होते. गाव वसवायचं, धान्य साठवायचं, शत्रूपासून राखायचं, अशी ती गेम. लातूरला ट्यूशनला होतो तेव्हा फिजिक्सचा तास बुडवून आम्ही कॅफेत हेच करायचो. दुसरा भाग अर्थातच पहिल्या नंबरावर. आणि तिसरा? एकदम तळाला! 'भूकंपाचा फालतू भाग' म्हणे...

तिसऱ्या भागात खेळता खेळता भूकंप होतो. अर्धं गाव पडतं, माणसं कडेला तंबूत जातात. मग आपण कितीही छान सरळ रस्ते आखून नवी घरं बांधा, ती माणसं हळूहळू गाव सोडून जातात. सगळे म्हणायचे, गेमच गंडलेली आहे.

फक्त एकाचं गाव परत भरायचं. दिगंबरचं. हा किल्लारीच्या बाजूचा, त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा पाचवीत होता. पुढं लातूरला आम्ही एकाच रूमवर राहिलो.

आम्हाला जमत नाही ते याला जमतं म्हणजे हा चीट कोड टाकून गेमला फसवतो, असं आम्ही ठरवून टाकलं. 'कोड्या' हे नाव मीच पाडलं होतं. वर्षभर सगळा ट्यूशन एरिया त्याला त्याच नावानं हाक मारायचा... तो नुसता हसायचा.

रविवारी ग्रुपवर पुन्हा तेच. 'कोड्या, आता तरी सांग की कोड!' खाली हसण्याच्या इमोजींचा ढीग. आणि दिगंबर गपचूप ग्रुप सोडून गेला. अरे, आपली पोरं आता बारावीला आली... काही लाज?

रागारागात लॅपटॉपवर तिसरा भाग टाकला. बायको म्हणाली, "येड लागलं काय तुम्हाला?" भूकंप झाला, मी सवयीनं सरळ रांगा मारल्या, माणसं निघाली. वैतागून एका तंबूवर क्लिक केलं... तर कुटुंबाच्या नावाखाली बारीक अक्षरात अजून दोन नावं. त्यांचे जुने शेजारी!

पुन्हा पहिल्यापासून खेळलो. या वेळी जुन्या शेजाऱ्यांना एकमेकांजवळ घरं दिली. रस्ते वाकडे झाले, पण एकही माणूस गाव सोडून गेला नाही.

म्हणजे कोड नव्हताच कधी! इतकी विचार करून बनवलेली गेम, आणि लोक तिला फालतू म्हणतात... तंबूत कोण राहतंय हे कुणी बघितलंच नाही. आम्ही मेरिटची पोरं ना, पाठ केलेल्या उत्तराच्या बाहेर बघायची सवय कुठं होती आम्हाला!

तडक दिगंबरला फोन लावला. विचारलं, तुला तेव्हा हे कळलं कसं?

"त्यात काय कळायचं हाय?" तो म्हणाला. "आमच्या नव्या गावात ज्याची जेवढी जमीन त्यापरमाणं घरं वाटले, जास्तवाले एकीकडं, कमीवाले दुसरीकडं. मायचा सगळा शेजार पांगला, तिला तिथं करमलंच न्हाई बघ. म्हणून गेममधी मी आदुगर शेजारी बघायचो."

मी चिडून म्हणालो, मग तेव्हाच सांगायचं ना आम्हाला!

"सांगितलो होतो की तुला... तू हसलास."

सकाळपासून अख्ख्या ग्रुपवर दात-ओठ खात होतो, आणि पहिला हसणारा मीच होतो.

म्हणून हे इथं, सगळ्यांसमोर लिहितोय. तिसरा भाग त्या गेमचा सगळ्यात चांगला भाग आहे, आणि तो आमच्यात एकट्या दिगंबरला खेळता आला. ते नाव मी पाडलं होतं, आज मीच मागे घेतो. दिगंबर, तू सांगितलं होतंस... ऐकायला मला पंचवीस वर्षं लागली रे.