आईच्या मार्फत केलेला अर्ज

पालघरच्या तहसील कचेरीबाहेर मी बावीस वर्षे अर्ज लिहिले. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझा एकही अर्ज मायन्यातील चुकीमुळे परत आला नाही, हे नमूद करणे आवश्यक वाटते. पुढे मुलीकडे कॅनडातल्या लंडनला आलो, तरी हे काम सुटले नाही. मी मराठीत मसुदा करी, मुलगी त्याचे इंग्रजी करी.

२०१७च्या हिवाळ्यात वसईकडच्या एक बाई आल्या. वृद्धाश्रमात नोकरी, बेसमेंटमध्ये बिऱ्हाड. त्यांचे कॅथलिक चर्च लांब, दोन बस बदलून जावे लागे. म्हणून जवळच्या एका प्रोटेस्टंट चर्चच्या हॉलमध्ये त्या धरून सातजणी दर शनिवारी मरियेची मूर्ती मांडून मराठीतून जपमाळेची प्रार्थना करीत. आता तिथल्या पाद्रीसाहेबांनी कळवले होते, की येशूची आई मरिया, तिची भक्ती मूळ ख्रिस्ती धर्मात नव्हती, मागाहून शिरली. सबब तिची मूर्ती हॉलमध्ये चालणार नाही.

"मग घरी जमा," मी म्हणालो.

"घरमालक जमू देत नाही, भाऊ. आणि तिच्याशिवाय माळ कुणापुढं जपायची? बंदच पडेल सगळं."

मी मुलीकडून या भक्तीची माहिती वाचून घेतली. इजिप्तमध्ये पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाचा, एक ग्रीक तुकडा सापडला आहे. काही विद्वान तो तिसऱ्या शतकातला मानतात, काही बराच नंतरचा. त्यात संकटात सापडलेले लोक मरियेला देवाची माता म्हणून हाक मारतात आणि आमच्या विनवण्या डावलू नकोस, असे सांगतात. इथे मी मुलीला थांबवले. हा सरळसरळ अर्ज होता. मायना, अडचण, मागणी, सर्व जागच्या जागी. 'देवाची माता' हा हुद्दा एफिससच्या धर्मसभेने पाचव्या शतकात मान्य केला. लोकांच्या तोंडी तो त्याआधीच होता.

आमच्या कचेरीत थेट साहेबांना अर्ज करण्याची रीत नव्हती. कुणाची तरी 'मार्फत' लागे. पपायरसवरच्या त्या लोकांनी देवाच्या आईची मार्फत धरली होती. पाद्रीसाहेबांच्या वृद्ध मातोश्री त्यांच्यापाशीच राहत. मी मायन्यातच 'मातोश्रींच्या मार्फत' असे घालून अर्ज केला आणि आत पपायरसचा दाखला दिला.

"बाबा, हे फार एम्बॅरसिंग आहे," मुलगी म्हणाली. "इथं कुणी कुणाच्या आईला सीसी करत नाही."

"म्हणूनच उत्तरं येत नाहीत."

पाद्रीसाहेबांना राग आलाच. शनिवारी मी आणि मुलगी बायकांसोबत हॉलमध्ये होतो, तेव्हा ते अर्ज घेऊन उतरले. मागून काठी टेकीत मातोश्री.

"माझ्या आईला यात का ओढलंत?" त्यांनी मला विचारले. मुलीने ते मराठीत सांगितले.

मी काही बोलण्याआधीच मातोश्री म्हणाल्या, "मला हे मूर्तीचं पटत नाही. पण या बायका जाताना खुर्च्या जागेवर लावतात. तुझी गायकमंडळी लावत नाहीत."

पाद्रीसाहेबांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. ठरले असे: मूर्ती कोपऱ्यातल्या कपाटात राहील, शनिवारी तासभर कपाट उघडेल, किल्ली मातोश्रींकडे.

तेव्हापासून बाई दर शनिवारी आधी मातोश्रींकडे जाऊन किल्ली मागत. माझा अर्ज पाद्रीसाहेबांनी परत पाठवला. पपायरसचा परिच्छेद त्यांनी लाल शाईने खोडला होता. मायन्याला हात लावला नव्हता.