बिनखाड्याचा खाडा

कपबश्यांच्या त्या कारखान्यात त्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला बिनखाड्या म्हणत, कारण सव्वीस वर्षांत आजारपणाचा एकही खाडा त्यानं केला नव्हता. ताप आला तरी तो भट्टीपाशी येऊन उभा राहायचा आणि वर म्हणायचा, "हिच्यापेक्षा माझा ताप कमीच आहे."

भट्टी त्याची. कच्चे कप गाड्यावर रचून आत ढकलायचे, दार लावायचं, आच हळूहळू चढवायची आणि तितक्याच सबुरीनं उतरू द्यायची. ऐकायला काही नाही. पण जरा घाई झाली की आतला माल तडकलाच म्हणून समजा. त्याच्या हातून सहसा तडकायचा नाही.

मग कारखान्याचे दिवस फिरले. बाजारात निम्म्या किमतीचे कप आले. थोरले मालक वारले, त्यांची मुलगी खुर्चीवर बसली आणि बुडत्याचा पाय खोलात, तशी कर्ज फेडायला नवं कर्ज काढत गेली. पगार आधी आठवडाभर लांबला, मग महिनाभर. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी तोंडं उघडायची, आणि विषय एकच: दिवाळं कधी वाजणार?

माल ठेवायच्या कोठीवर जो माणूस होता, तो कायद्याचा किडा. त्यानं एक दिवस बिनखाड्याला बाजूला घेतलं.

"डॉक्टरचा दाखला आणला की आजारपणाचा पगार सरकारी फंडातून येतो. बाईंच्या खिशातून नाही. वेळेवर येतो, पूर्ण येतो. कारखाना बंद झाला की साचलेली रजा मातीत. आणि तुझी तर सव्वीस वर्षांची साचलीय, येड्या!"

"पण मला काही झालेलं नाही."

"कुणाला झालंय?"

त्या आठवड्यात कारखान्यात जणू साथच आली. कपांवर झिलई चढवणाऱ्या दोघांच्या कंबरा एकाच सकाळी धरल्या. पॅकिंगवाल्या बाईला चक्कर येऊ लागली. कोठीवाल्याचा रक्तदाब तर असा चढला की तो उतरायला बरोबर पाच आठवडे लागणार, हे डॉक्टरांना आधीच कळलं.

रजेवर गेल्या नाहीत त्या कानमावशी. कपाला कान चिकटवायचं काम त्यांच्याकडे होतं, तीस वर्षं. पासष्टीला टेकलेल्या, एकट्या, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "धडधाकट असून आजारी म्हणून सही करू? हात झडतील माझे." एका हॉटेलची मोठी ऑर्डर हाती होती. ती वेळेत गेली तर एक व्यापारी कारखाना चालवायला घेईल, असं मालकीणबाई सांगत होत्या. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण मावशींनी ते खरं धरलं होतं.

बिनखाड्याची बायको घरी शिवणकाम करायची. ती भांडली नाही. मशीनवरून मान वर न करता एवढंच म्हणाली, "सगळे शहाणे आणि तुम्ही एकटेच वेडे, असंच राहायचं का? दोन महिन्यांचं भाडं मी टाके घालून भरलंय." दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला.

"काय होतंय?" डॉक्टरांनी कागद पुढे ओढत विचारलं.

"कंबर," तो म्हणाला. जीभ इतकी कोरडी पडली होती की डॉक्टरांना तो खरंच आजारी वाटला असावा. त्यांनी तपासलंही नाही. एकवीस दिवस लिहून दिले.

आजारी कसं पडायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. खाली नळावर पाणी भरायला गेला तर बायको पाठीमागून कुजबुजायची, "अहो, जरा वाकून चाला!" तो वाकायचा, जिना चढला की सरळ व्हायचा. चार दिवस पडून राहिल्यावर त्याला घर खायला उठलं. पाचव्या दिवशी त्यानं मागच्या खोलीची भिंत रंगवायला काढली. फिका हिरवा रंग होता. निम्मी भिंत झाली आणि दार वाजलं.

बायकोनं दार उघडलं. कानमावशी उभ्या होत्या.

तो झटकन पलंगावर आडवा झाला आणि गळ्यापर्यंत पांघरूण ओढून घेतलं. बोटांना रंग लागला होता, म्हणून हात आतच ठेवले. मावशी कामावरून तशाच आल्या होत्या, नखांत पांढरी माती. त्यांनी पिशवीतून लोकरीचा एक रुंद पट्टा काढला.

"माझाच आहे. कंबरेला बांध, ऊब राहते. लाजायचं नाही." मग खुर्ची ओढून बसल्या. "बाकीच्यांचं मला माहितीये. लबाड लेकाचे. तू नाहीस त्यातला. तू खाडा केलास म्हणजे दुखणं मोठंच असणार. मी परवा बाईंनाही तेच सांगितलं."

बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

"किती जण उरलात?" त्यानं विचारलं.

"सात. कान लावून झाले की मीच झिलई चढवते, मीच गाडा रचते. उद्या भट्टी पेटवायची. बाई म्हणाल्या, त्याला त्रास देऊ नका. पण मी म्हटलं, विचारायला काय जातंय? सांग बाबा, आच कशी चढवायची? मी लिहून घेते."

त्यानं सांगितलं. पहिले सहा तास किती, मग किती, झरोका कधी बंद करायचा, तापमापकाचा काटा शंभरावर आल्याशिवाय दार उघडायचं नाही. मावशी एका जुन्या पावतीच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहीत होत्या, अक्षर अक्षर लावून. खोलीत ओल्या रंगाचा वास भरला होता. चोराच्या मनात चांदणं! प्रत्येक वेळी मावशींनी श्वास घेतला की त्याला वाटायचं, आता विचारतील, आता विचारतील. कधी एकदा या उठतात असं त्याला झालं होतं.

"झालं? एवढंच ना?"

"एवढंच," तो म्हणाला.

मावशी जिना उतरून गेल्या आणि पांघरूण बाजूला सारता सारता त्याला आठवलं. भट्टीचा काटा बिघडलेला होता. वर्षभर झालं होतं त्याला. काटा शंभर दाखवायचा तेव्हा आत दोनशेच्या वर असायचं. नवा काटा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो स्वतःच अंदाजानं आणखी अर्धा दिवस थांबायचा. हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

धावत जाऊन गाठलं असतं तर मावशी कोपऱ्यावर सापडल्या असत्या. पण मोडलेल्या कंबरेचा माणूस धावणार कसा?

भट्टी पेटून, तापून, निवायला तीन दिवस लागतात. तीन दिवस फोन समोर होता. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, फोन केला तर बाई म्हणतील, दोन तास येऊन जा, गाडी पाठवते. मग काय सांगणार? दुसऱ्या दिवशी त्यानं नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. बायको म्हणाली, "मी करू का?" तर तिच्यावरच खेकसला. तिसऱ्या दिवशी सकाळी मनाचा हिय्या करून त्यानं फोन लावला. उचलला मावशींनीच.

"दार उघडू नका अजून! काटा..."

"उघडलं," मावशी म्हणाल्या. मागे कुठंतरी एकामागून एक टणक, बारीक आवाज येत होते. कप तडकत होते.

ऑर्डर गेली नाही. पंधरा दिवसांनी फाटकाला कुलूप लागलं आणि त्यावर कोर्टाचा कागद चिकटला. आजारी पडलेल्यांना फंडातून पूर्ण पैसे मिळाले, बिनखाड्यालाही. जे सात जण शेवटपर्यंत राबले त्यांचा दीड महिन्याचा पगार बुडीत निघाला. घेणेकऱ्यांच्या रांगेत त्यांची नावं लागली, बँकेच्या मागे.

पैसे हातात पडले त्या दिवशी तो मावशींकडे गेला. एकाच खोलीचं घर, खिडकीत कान नसलेले चार कप, त्यांत रोपं लावलेली. तो बसलाच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. कंबर, भिंत, काटा, तीन दिवसांचा फोन. मग खिशातलं पाकीट पुढे केलं.

"यातले निम्मे तुमचे."

मावशींनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काट्याचं तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर माल निघाला असता?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. 'कोण सांगणार?' असं तो म्हणू शकला असता.

"निघाला असता."

"आणि कारखाना?"

"ते माहीत नाही, मावशी. खरंच माहीत नाही."

"मी त्या गाड्यावर रात्रंदिवस कप रचले," त्या हळू म्हणाल्या. "पाठ माझी मोडली. आणि पट्टा तुला देऊन आले." मग आवाज चढला. "निम्मे देतोस? तुझ्या पापात मला भागीदार करतोस होय रे? ऊठ, चालता हो."

तो उभाच होता हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर वर्षभर त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नाही. त्याला एका बेकरीत काम मिळालं, पहाटेच्या पाळीला. भट्टी चांगली होती, काटा नवाकोरा होता, तरी तो दर वेळी दार उघडण्याआधी हात लावून बघायचा आणि मालक वैतागायचा. पाकीट बायकोनं कपाटात ठेवलं होतं. भाडं थकलं तेव्हा त्यातूनच भरलं.

मावशी एका शाळेत झाडलोट करू लागल्या होत्या. एकदा दुपारी बेकरीच्या खिडकीशी त्या पाव घ्यायला आल्या. समोर तो दिसला तशा थबकल्या. आता मागे फिरतील असं त्याला वाटलं. पण रांग होती, पाय दुखत होते, आणि दुसरी बेकरी लांब होती.

"ताजा आहे का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच काढलाय. पाच मिनिटं थांबा, निवू दे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचा चेहरा उतरला.

मावशी पाच मिनिटं भिंतीला टेकून थांबल्या, पाव घेतला, सुटे पैसे मोजून फळीवर ठेवले आणि गेल्या. आठवड्यानं पुन्हा आल्या.